सुटली, सोडली, उलटली : दारूकडे परतणे आणि दोघांचे व्याकरण

‘एकच प्याला’ शिकवताना आम्ही शिक्षक मंडळी बहुतेक वेळ पहिल्या प्याल्यावर खर्च करतो. कोर्टातला अपमान, सनदेवर आलेले गंडांतर, दुखावलेला मानी सुधाकर आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्यापुढे प्याला धरणारा तळीराम. शोकांतिकेचा उगम, नायकाच्या स्वभावातला दोष, खलप्रवृत्तीचे कार्य असे सगळे मुद्दे तिथेच एकत्र सापडतात आणि परीक्षेच्या दृष्टीनेही ते सोयीचे असते. काही वर्षांपूर्वी असाच एक तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, “सर, सगळे पहिल्या प्याल्याबद्दलच लिहितात. आमच्या घरी पहिला प्याला कुणाला आठवतच नाही. आईला आठवतो तो सोडल्यानंतरचा.” एवढे बोलून ती गेली. तिच्या त्या वाक्याने मला नाटक पुन्हा वाचायला लावले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून निघाला आहे.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व आणि सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस. हा इतिहास आपल्याला पाठ असतो. पण नाटकाच्या उत्तरार्धात सुधाकर दारू सोडतो, काही काळ घरात आशा परत येते, तो काम मागायला ओळखीच्या माणसांच्या दारी जातो, तिथे दारूबाज म्हणून झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो, हा भाग आपण घाईने ओलांडतो. वास्तविक सिंधूचा आणि बाळाचा अंत पहिल्या प्याल्याने होत नाही. तो या परतलेल्या प्याल्याने होतो. गडकऱ्यांनी नाटकाला दिलेले नाव इतके प्रभावी ठरले, की सुधाकराच्या आयुष्यात ‘पहिला’ प्याला दोनदा येतो हेच आपण विसरून गेलो.

दारू सोडलेल्या माणसाने पुन्हा पिणे याला मराठीत काय म्हणायचे? येथे आपली भाषा फार बोलकी आहे. आजार बरा होत आला असता पुन्हा जोर धरतो, तेव्हा आपण ‘ताप उलटला’, ‘दुखणे उलटले’ असे म्हणतो. ‘दारू उलटली’ असे मात्र कोणी म्हणत नाही. दारूच्या बाबतीत आपल्या घरांतून ऐकू येणारी वाक्ये वेगळी आहेत. नवरा सांगतो, “पुन्हा सुरू झाली.” बायको सांगते, “पुन्हा सुरू केली.” त्याआधीच्या चांगल्या दिवसांबद्दलही हाच फरक दिसतो. एक म्हणतो ‘सुटली होती’, दुसरी म्हणते ‘सोडली होती’. एका वाक्यात दारूच कर्ता आहे. ती आपणहून सुटते, आपणहून सुरू होते आणि माणूस जवळपास प्रेक्षक असतो. दुसऱ्या वाक्यात माणूस कर्ता आहे, त्यामुळे दोषही त्याचा आहे. घटना एकच असली, तरी दोघांचे व्याकरण भिन्न आहे. गेल्या शंभर वर्षांत व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या घटनेचे जे जे अर्थ लावले गेले, ते पाहू लागलो की हा कर्त्याचाच वाद पुन्हा पुन्हा समोर येतो.

सर्वांत जुना अर्थ वचनभंगाचा. ज्या काळात बालगंधर्वांची सिंधू आपल्याकडे प्रेक्षकांना रडवत होती, त्याच काळात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा बिल विल्सन नावाचा गृहस्थ आपल्या घरच्या बायबलमध्ये पत्नीला उद्देशून शपथा लिहीत होता. आपण दारू कायमची सोडली आहे, अशी नोंद त्याने १९२८च्या ऑक्टोबरात केली. पुढच्याच महिन्यात दुसरी, नंतर आणखी, आणि १९३०मध्ये पुन्हा एकदा. लोइस विल्सन ही त्याची पत्नी दुकानात नोकरी करून घर चालवत होती. प्रत्येक नवी शपथ ही आधीच्या शपथेच्या अपयशाची पावती होती, आणि ती एकाच पवित्र ग्रंथाच्या पानांवर क्रमाने साठत गेली. शपथ घेताना माणूस स्वतःला पूर्ण कर्ता मानतो. तो संपूर्ण भविष्यकाळावर सही करतो. ती मोडली की दोषही संपूर्ण त्याच्याकडे येतो, आणि तो दोष सोसवत नाही म्हणून तो पुन्हा प्याल्याकडे जातो. शपथ ऐकणाऱ्या पत्नीचे काय होते? पहिल्या शपथेला ती आनंदते, दुसरीला सावध होते. पुढे शपथ हीच तिला धोक्याची खूण वाटू लागते.

१९३४च्या डिसेंबरात विल्सनची दारू थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो कामानिमित्त ओहायो राज्यातील अॅक्रन या गावी गेला असता त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. तेही मद्यासक्त. त्यांची पत्नी अॅन त्यांना त्या भेटीला घेऊन आली होती. भेट फळली. विल्सन त्यांच्याच घरी राहायला गेला आणि डॉक्टरांची दारू थांबली. मग जूनमध्ये अटलांटिक सिटीला अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अधिवेशन होते, तिथे जायची इच्छा डॉक्टरांनी व्यक्त केली. अॅनचा याला विरोध होता. विल्सनचे म्हणणे पडले की दारूने भरलेल्या जगातच आपल्याला राहायचे आहे, तेव्हा जाऊ द्यावे. डॉक्टर गेले आणि तिथे बेसुमार प्याले. परतल्यावर विल्सन आणि अॅन यांनी त्यांची शुश्रूषा केली. एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून विल्सनने त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती डॉ. बॉब यांची अखेरची दारू. १९५०मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पुन्हा प्याले नाहीत. १० जून १९३५ हा तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. अधिवेशनाच्या छापील तारखा पाहता तो दिवस आठवडाभर पुढे असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे, परंतु आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. जगभर पसरलेल्या या चळवळीचा वाढदिवस हा मुळात एका घसरणीनंतर सावरण्याचा दिवस आहे. अॅनने ती घसरण आधी ओळखली होती, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

या चळवळीने कर्ता बदलला. दारूपुढे आपण हतबल आहोत, ही तिची पहिली पायरी. आजन्म शपथेऐवजी केवळ आजच्या दिवसापुरते न पिणे, हा तिचा नियम. म्हणजे दारू सुरू ‘होते’ हे नवऱ्याचे वाक्य तिने मान्य केले. परंतु सभेला जाणे, दुसऱ्याला मदत करणे, झालेल्या नुकसानीची भरपाई करणे या क्रियांचा कर्ता मात्र तोच राहिला. आजार त्याने ओढवून घेतला असे नाही, उपचाराची जबाबदारी मात्र त्याची. नवऱ्याच्या बाजूने हे व्याकरण मोठे दिलासादायक होते. पत्नीच्या बाजूने काय?

१९३९ साली चळवळीचा मूळ ग्रंथ निघाला, त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे. ते पत्नींच्या आवाजात, ‘आम्ही बायका’ अशा प्रथमपुरुषात लिहिलेले असले, तरी लिहिणारा बिल विल्सन होता. हे प्रकरण आपण लिहावे असे लोइसला वाटत होते. ग्रंथाची शैली एकसारखी राहावी असे कारण तिला सांगण्यात आले, आणि ते तिला लागले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यावर वेगळे भाष्य नको. पुरुषाने स्त्रीचा आवाज घेऊन सोशीकपणाचा उपदेश करणे आपल्याला नवे नाही. सिंधूदेखील अखेर पुरुषाने लिहिलेली आणि पुरुषाने सादर केलेली स्त्री आहे.

त्याआधीचा एक प्रसंग लोइसने १९७९मधल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. नवरा दारूमुक्त होऊन काही महिने लोटले होते. एका संध्याकाळी त्याने सभेला चल, लवकर आवर, असे म्हटले आणि तिने पायातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला. आपल्या या संतापाने ती स्वतःच चकित झाली. विचार केल्यावर तिला उमगले, की वर्षानुवर्षे आपल्याला जे जमले नाही ते परक्या माणसांनी थोडक्या दिवसांत केले, याचा हा राग आहे. नवऱ्याची दारू थांबली म्हणजे तिचे दुखणे थांबले असे नव्हते. १९५१मध्ये अॅन नावाच्या मैत्रिणीच्या साथीने तिने मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ सुरू केले, त्याची बीजे अशा अनुभवांत होती. त्या गटांतून रूढ झालेली शिकवण तीन वाक्यांची आहे. हे मी घडवले नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरे करू शकत नाही. पत्नीने नवऱ्याच्या वाक्यातून स्वतःला बाजूला काढले आणि स्वतःच्या आयुष्याचे कर्तेपण घेतले.

ही शिकवण का लागली, हे समजून घेण्यासाठी त्याच काळातले मानसोपचारविषयक लेखन पाहावे. १९५३ साली थेल्मा व्हेलन या समाजकार्यकर्तीने मद्यासक्तांच्या पत्नींचे चार प्रकार मांडले. सोशीक सुझन, ताबा ठेवणारी कॅथरीन, दोलायमान विनिफ्रेड आणि शिक्षा करणारी पॉली. अशा पत्नी स्वतःच्या मानसिक गरजेपोटी असा नवरा निवडतात, असा या मांडणीचा रोख होता. नवरा बरा होऊ लागला की बायकोचे बिघडते, असेही त्या काळी लिहिले गेले. म्हणजे सुधाकर पुन्हा प्याला तर सिंधूच्या सोशीकपणाला ते हवेच होते! कर्ता पुन्हा बदलला होता. आता तिने पाजली.

याला अभ्यासाच्या पातळीवर उत्तर दिले ते सिअॅटल येथील जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने. मद्यासक्तांच्या पत्नींच्या गटात प्रदीर्घ काळ बसून, त्यांचे बोलणे ऐकून तिने १९५४मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कुटुंब या संकटाशी कसे टप्प्याटप्प्याने जुळवून घेते, याचे सात टप्पे तिने दाखवले. आधी नाकारणे, मग दारू घालवण्याचे प्रयत्न, मग विस्कळीतपणा, मग नवऱ्याला वगळून घर पुन्हा उभे करणे, आणि असे पुढे. पत्नीचे जे वागणे विकृत म्हणून नोंदले जात होते, ते संकटातल्या माणसाचे वागणे होते, हे त्यातून दिसू लागले. शेवटच्या टप्प्याबद्दलचे तिचे निरीक्षण आजही लागू पडते. नवरा दारूमुक्त होऊन परततो तेव्हा घराचे हिशेब, मुलांचे निर्णय, नातेवाइकांशी बोलणे हे सारे पत्नीच्या हाती गेलेले असते. त्याला आपली जुनी जागा ताबडतोब परत हवी असते, आणि ती देताना तिचा हात आखडतो. तो याला अविश्वास म्हणतो. तिच्या लेखी तो अनुभव असतो. मुक्तीचे पहिले महिने गोडच असतात, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

याच सिअॅटलमधले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५मध्ये व्यसनाकडे परतण्याच्या प्रतिबंधावर ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी केलेला एक भेद महत्त्वाचा आहे. एकदा पाय घसरणे वेगळे आणि पूर्वीच्या अवस्थेला जाऊन पोहोचणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये काही तास असतात, कधी काही दिवस. त्या अवधीत माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचे अवलंबून राहते. ‘मी शपथ मोडली, म्हणजे मी असाच आहे, आता काय उरले’ असे जो म्हणतो, तो पुढे पीत जातो. ‘अमुक प्रसंगी माझा तोल गेला’ असे जो म्हणतो, त्याला परतण्याची वाट राहते. घसरणीचे धोक्याचे प्रसंग म्हणून त्यांनी मुख्यत्वे उदास वा संतप्त मनःस्थिती, जवळच्यांशी भांडण आणि पिणाऱ्यांचा आग्रह यांकडे बोट दाखवले. अपमानित होऊन परतणारा, तळीरामाच्या मंडळाची वाट पायाखालची असलेला सुधाकर डोळ्यांपुढे आणा. गडकऱ्यांनी हा प्रसंग केवळ कल्पनेच्या भरारीने लिहिलेला नाही, अशी खात्री पटते.

पण त्या मधल्या अवधीत घरात दोघे असतात, हे विसरता येणार नाही. ‘तरी मला वाटलंच होतं’ हे पत्नीचे वाक्य तिच्या दृष्टीने निव्वळ सत्यकथन असते. नवऱ्याच्या कानी ते निकालपत्र म्हणून पडते. उलट ‘एकदाच झालं, त्यात काय’ हे त्याचे वाक्य त्याला सावरणारे वाटते, आणि तिला त्यात जुन्या सगळ्या ‘एकदाच’ची रांग दिसते. अमेरिकेत टिमथी ओ’फॅरेल आदींनी विकसित केलेल्या दाम्पत्य-उपचारपद्धतीत यावर एक साधा उपाय योजलेला आहे. रोज ठरलेल्या वेळी नवऱ्याने आज न पिण्याचा इरादा पत्नीला सांगायचा आणि तिने त्याबद्दल त्याचे आभार मानायचे. डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी दिलेली असेल तर ती तिच्यासमोर घ्यायची. मागे काय झाले आणि पुढे काय होईल, यावर त्या वेळी दोघांनीही बोलायचे नाही. घरच्या बायबलातल्या त्या आजन्म शपथेच्या जागी आता दोघांचे एका दिवसाचे वाक्य आले. येथे एक इशारा दिला पाहिजे. आपल्याकडे ही गोळी नवऱ्याच्या नकळत जेवणात मिसळण्याचे प्रकार होतात. वर दारू प्यायल्यास ते जिवावर बेतू शकते, आणि दोघांमधले उरलेसुरले वाक्यही त्यात तुटते.

महाराष्ट्रात १९५० ते साठीच्या दशकाच्या आरंभापर्यंत दारूबंदीचा कडक अंमल होता. त्या काळी शासनाच्या दृष्टीने पिणे हा गुन्हा आणि परवाना ही सवलत. आजाराची भाषा मुंबईत १९५७च्या सुमारास अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांबरोबर आली. मराठी मध्यमवर्गात ती रुजली ती मात्र पुण्यातील ‘मुक्तांगण’मुळे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या परिसरात केंद्र सुरू झाले. नवऱ्यांवर उपचार चालू असताना पत्नींनीही एकत्र बसावे, बोलावे, यासाठी तेथे ‘सहचरी’ हा गट चालत आला आहे. हे नाव मला अर्थपूर्ण वाटते. पतिव्रतेची वाट एकाच दिशेने जाते. सहचरी बरोबर चालते, आणि बरोबर चालणारीला थांबण्याचाही अधिकार असतो. या वर्तुळातल्या मराठीत ‘स्लिप झाली’ हा शब्दप्रयोग सर्रास आहे. नवरा तो उच्चारतो आणि पत्नीही. ‘सुरू झाली’ आणि ‘सुरू केली’ यांच्यामध्ये दोघांना उभे राहता येईल एवढी जागा या उसन्या शब्दाने करून दिली आहे.

आता पुन्हा सिंधूकडे येऊ. सुधाकर परत पिऊ लागतो त्याची कैफियत तो रामलालपुढे मांडतो. दारू एकदा जडली की सुटत नाही, हे त्याचे सिद्धान्तवजा म्हणणे मित्राला उद्देशून आहे. पती-पत्नी समोरासमोर बसून या घसरणीचा अर्थ लावत आहेत, असा प्रवेश मला या नाटकात सापडत नाही. त्याच्यापाशी कारण आहे, तिच्यापाशी फक्त परिणाम. त्याचा हा सिद्धान्त नाटकालाही सर्वस्वी मान्य नसावा. भगीरथही प्यालेला आहे आणि तो सावरतो. फरक एवढाच, की भगीरथाला रामलाल विश्वासाने जवळ करतो, कामाला लावतो. सुधाकर काम मागायला गेला तेव्हा दारे बंद झाली. ‘सुटत नाही’ हा सुधाकराचा निष्कर्ष आपण नाटककाराचा निष्कर्ष म्हणून शिकवत आलो, ही आमची चूक आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. नशेत झालेल्या मारहाणीत मूल जाते, सिंधू मरणाच्या दारी पोहोचते आणि पोलिसांपुढे खोटे सांगून ती नवऱ्याला वाचवू पाहते. या असत्याला पातिव्रत्याची परिसीमा म्हणून गुण देण्याची आमची परंपरा आहे. घसरण हा आजाराचा भाग आहे असे आज आपण म्हणू शकतो, म्हटलेही पाहिजे. परंतु हात उगारणे हा आजाराचा भाग नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानंतर तरी वर्गात हा भेद उच्चारला गेला पाहिजे. सहानुभूतीचे नवे व्याकरण सिंधूच्या जुन्या मौनाला पुन्हा जुंपले जाणार असेल, तर जोन जॅक्सनने ऐकलेल्या बायका व्यर्थ बोलल्या असे होईल.

त्या विद्यार्थिनीला मी तेव्हा काही उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढच्या वर्षी नाटक शिकवताना मी काम मागण्याच्या प्रसंगापासून सुरुवात केली आणि वर्गाला एक प्रश्न लिहून आणायला सांगितले : सुधाकर त्या संध्याकाळी तळीरामाकडे न जाता घरी आला असता, तर दोघे काय बोलले असते? चाळीसपैकी बऱ्याच जणांनी सिंधूच्या तोंडी क्षमा घातली. काहींनी शाप घातला. एका वहीत मात्र सिंधू विचारत होती, “आज कुणी काय म्हणालं तुम्हाला?” मला वाटते, गडकऱ्यांनी न लिहिलेल्या त्या प्रवेशाची सुरुवात तिथून होऊ शकते.